डावी नाळ

"ही दोन परत करायची होती," असं म्हणत श्रीरंग गायधनीनं पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. "तिसरं आज नाही मिळणार. आईनं बरोबर नेलंय."

"कुठे?" मी शिक्क्यावरची तारीख फिरवत विचारलं.

"कुसरवाडीला. सकाळच्या साडेसहाच्या एसटीनं गेल्या दोघी, आई आणि अश्लेषा. चिमणनाळेनं कोकणात उतरणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येणार. मला म्हणाली, तू येऊ नकोस, तू सारखं घड्याळ बघतोस." तो हसला.

माझा हात शिक्क्यावरच राहिला.

मार्च १९९४ मधला रविवार होता. सकाळचे सव्वादहा. आमच्या गिरिभ्रमण मंडळाचं ग्रंथालय म्हणजे नाशकात एका तालमीच्या मागची खोली आणि दोन लोखंडी कपाटं. दर रविवारी दहा ते बारा मी तिथं बसायची. बाकी सहा दिवस मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वय तेहतीस, लग्न केलेलं नव्हतं, आणि डोंगर सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

"तिसरं म्हणजे हिरवं पुस्तक का?" मी विचारलं. माहीत असूनही विचारलं.

"हो, तेच. तुमच्या यादीतलं पहिलं."

"तुमच्याकडे गाडी आहे ना?"

"व्हॅन आहे. का हो, कुंदाताई?"

"निघायला हवं. आत्ता. चिमणनाळेतली वाट ढासळल्याचं कळलंय."

"कधी ढासळली?"

"रस्त्यात बोलू," मी म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली दोनदा खाली पडली.

वाट ढासळलेली नव्हती.

खांबेटेसरांचं घर आमच्या रस्त्यावरच होतं. श्रीरंगला गाडीत थांबायला सांगून मी एकटीच वर गेले. सर तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, उंच, एका गुडघ्यात कायमची कळ. आमच्या मंडळातला प्रत्येक जण त्यांचं पुस्तक वाचून डोंगरात गेला होता. पुस्तकाला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. हिरव्या कापडी बांधणीमुळे सगळे त्याला 'हिरवं पुस्तक'च म्हणायचे. त्यात त्रेसष्ट घाटवाटा होत्या, आणि त्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट सर स्वतः चालले होते. मंडळाच्या वार्षिकात मी दरवर्षी 'डोंगरात जाण्याआधी वाचावं असं' म्हणून एक यादी द्यायची. तीत हे पुस्तक नेहमी पहिलं. त्या वर्षी मी शेजारी एक ओळही लिहिली होती : डोळे मिटून विसंबावं असं पुस्तक.

सर गॅलरीत पेपर वाचत होते.

"सर, गायधनींच्या घरच्या दोघी चिमणनाळेनं उतरायला गेल्यात. सासू आणि सून. हिरवं पुस्तक घेऊन."

त्यांनी पेपराची घडी घातली. विचारलं एवढंच, "किती वाजता?"

"कुसरवाडीत साडेनवाला पोचल्या असतील."

"म्हणजे साडेअकरा, बाराला दुबेळक्यावर." ते उठले आणि बूट शोधू लागले.

चिमणनाळ म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद घळ; ती अर्ध्यावर फुटते, त्या फाट्याला दुबेळकं म्हणतात. वरून उतरताना एक नाळ डावीकडे जाते, एक उजवीकडे. उजवी खालच्या गावात पोचवते. डावी सुरुवातीला जास्त रुंद आणि सोपी दिसते, मग अरुंद होते आणि शेवटी दोनशे फुटांच्या कोरड्या धबधब्यावर संपते. पुस्तकात छापलं होतं : 'दुबेळक्यावर डावा हात धरावा.' सर ती नाळ खालून वर चढले होते, आणि चढणाऱ्याच्या डाव्या हाताला खरी वाट होती. पुस्तकात त्यांनी सगळ्या वाटा वरून खाली लिहिल्या, आणि या एका ठिकाणी हात उलटा करायचा राहून गेला. त्या आडवाटेला कुणी फारसं जात नसे, म्हणून तेवीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. १९९२च्या दिवाळीच्या सुट्टीत मी कुसरवाडीच्या चांगुणाबाईबरोबर तिथून उतरले, तेव्हा मला कळलं. मी सरांना सांगितलं. सरांनी जुनी वही काढून पाहिली आणि मान्य केलं. नव्या आवृत्तीत दुरुस्ती करायची आणि तोवर ग्रंथालयातल्या प्रतींवर चिठ्ठी लावायची, असं ठरलं. चिठ्ठ्या छापूनही आल्या होत्या.

जिन्यात सर कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मध्येच थांबले.

"कुंदा, त्या पानावर चिठ्ठी लावली होतीस ना?"

"लावली होती, सर."

"मग या डावीकडे कशा जातील?"

"निघाली असेल," मी म्हणाले. "डिंक जुना होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उतरू लागले.

व्हॅनमध्ये सर पुढे बसले, मी मागे. नाशिक सुटलं. मग श्रीरंगनं विचारलं, "वाट ढासळलीय हे आईला गावात कुणीतरी सांगेलच ना?"

"सांगतील की," मी म्हणाले.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या मानेवरची शीर तेवढी मला दिसत होती. श्रीरंगला मी काय सांगितलंय, हे त्यांना तेव्हाच उमगलं असणार.

"तिची पाठ दुखते," श्रीरंग म्हणाला. "बाबा गेल्यापासून दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हती. अश्लेषानंच तिला तुमच्या मंडळात आणलं. आता दर आठवड्याला नकाशे घेऊन बसते. घरातल्या भाजीपेक्षा घाटवाटांवर जास्त बोलणं होतं दोघींचं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पण आई हट्टी आहे. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर ती देवाचंही ऐकणार नाही."

मी खिडकीची काच खाली केली. बाहेर ऊन चढत होतं. प्रत्येक मैलाच्या दगडाला मी मनात हिशेब करत होते. आता त्या नाळेच्या तोंडाशी असतील. आता पहिला टप्पा उतरल्या असतील. आता पुस्तक उघडलं असेल. एका वळणावर रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. श्रीरंग हॉर्न वाजवत राहिला आणि मी खाली उतरून हातांनी म्हशी ढकलायला लागले. गुराखी माझ्याकडे बघत उभा राहिला.

पावणेएकला आम्ही कुसरवाडीत पोचलो. चांगुणाबाई गावाबाहेरच्या मोहाखाली फुलं वेचत होती. पंचेचाळिशीची काटक बाई, डोक्यावर फडकं बांधलेलं. मला पाहून तिनं टोपली खाली ठेवली.

"दोन बाया दिसल्या का गं, नाळेकडे जाताना?" मी विचारलं.

"गेल्या की. एक थोराड, नऊवारीवाली, बूट घातल्याली. दुसरी पोरगी, डरेसवाली. म्या म्हनलं येते संगं, तर थोराड म्हनली, आमच्याकडं पुस्तक हाय."

"वाट ढासळलीय, हे नाही सांगितलंत त्यांना?" श्रीरंगनं विचारलं.

चांगुणाबाई गोंधळली. "कंची वाट ढासळली?"

मी तिचा दंड धरला. "चांगुणाबाई, दोर आहे का? जाड, लांब? आणि लहानूभाऊ घरी आहेत?"

तिनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. धावतच घराकडे गेली. तिचा नवरा लहानू विहिरीचं चऱ्हाट खांद्यावर टाकून आला, मागून चांगुणाबाई पाण्याची कळशी घेऊन. पाच मिनिटांत आम्ही निघालो. श्रीरंग चालता चालता माझ्या शेजारी आला.

"ताई, वाट ढासळलेली नाही. हो ना?"

"आधी त्या सापडू देत," मी म्हणाले.

सर पठारावरून कसेबसे नाळेच्या तोंडापर्यंत आले आणि तिथं एका दगडावर बसले. त्यांचा गुडघा सुजला होता. "मी इथंच थांबतो," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुमचा वेळ जाईल." ते वाक्य बोलताना त्यांना काय वाटलं असेल, ते मी आता समजू शकते. तेव्हा मला फक्त बरं वाटलं, की ते बरोबर येणार नाहीत.

नाळ उतरायला मला पंचवीस मिनिटं लागली. एरवी चाळीस लागतात. पायाखाली धोंडे सरकत होते. मागून लहानू ओरडत होता, "ताय, दमानं! दमानं!" दुबेळक्यावर आले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. उजव्या नाळेच्या तोंडाशी वाळलेलं शेण होतं, गुरांच्या खुरांनी झिजलेली पायरी होती. कुणी डोळे उघडे ठेवून पाहिलं असतं तर वाट तीच आहे हे कळलं असतं.

डाव्या नाळेच्या तोंडाशी संत्र्याची सालं पडली होती. मी एक उचललं. आतून अजून ओलं होतं.

श्रीरंगनं हाक मारली. "आई! अश्लेषा!"

दोन्ही कड्यांवर आदळून हाक परत आली. उत्तर नाही. त्यानं पुन्हा मारली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला. मी कान देऊन उभी राहिले. वर आभाळात दोन घारी फिरत होत्या. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि डावीकडे उतरू लागले.

पहिली वीस मिनिटं डावी नाळ खरंच सोपी आहे. म्हणूनच ती वाईट. माणूस निर्धास्त होतो. मग एक कातळटप्पा येतो, दीड पुरुष उंचीचा, वर्षानुवर्षांच्या पाण्यानं गुळगुळीत झालेला. बसून घसरत खाली जाता येतं. परत वर चढता येत नाही. त्या टप्प्याच्या काठाशी आम्ही पोचलो आणि मी ओणवून खाली पाहिलं.

टप्प्याच्या तळाशी, सावलीच्या एका पट्टीत, श्रीरंगची आई प्रमिलाताई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर अश्लेषाचं डोकं होतं. अश्लेषा हलत नव्हती.

"आई!" श्रीरंग ओरडला.

प्रमिलाताईंनी मान वर केली. त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. त्यांनी फक्त हात वर केला, पाचही बोटं पसरून. मग मांडीवरचं डोकं हललं आणि अश्लेषा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पाणी आणलंय का?"



लहानूनं चऱ्हाट एका उंबराच्या बुंध्याला बांधलं, दोनदा अंगाचा भार टाकून पाहिलं आणि खाली उतरला. त्याच्यामागे मी उतरले. श्रीरंगला वरच थांबायला सांगितलं. ओढायला कुणीतरी जोरकस माणूस हवा होता.

अश्लेषाचा डावा घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. टप्पा घसरताना पाय दगडात अडकून मोडला होता. तशाही स्थितीत ती खुरडत शंभर पावलं पुढे गेली होती, पुढची वाट बघायला. तिथं नाळ संपली होती. "मी पोटावर झोपून खाली पाहिलं," ती मला म्हणाली, "आणि झाडांचे फक्त शेंडे दिसले, कुंदाताई." पाणी अकरालाच संपलं होतं. दोघी ओरडून ओरडून थकल्या होत्या. आमच्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या, पण घशातून आवाज निघत नव्हता.

मी ओढणीनं आणि दोन काठक्यांनी घोटा बांधत होते. प्रमिलाताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पासष्टीच्या बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट, हाताची कोपरं सोललेली. एकाएकी त्या बोलायला लागल्या, कुणाकडे न बघता.

"ही म्हणत होती, उजवीकडे जाऊ. तिथं शेण होतं. ही म्हणाली, आई, जिथं गुरं जातात तिथं वाट असते. मीच ओरडले हिच्यावर. म्हटलं, ज्यानं पुस्तक लिहिलं त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. हिला बोलले मी, सगळ्यातलं तुलाच कळतं का म्हणून." "मीच वाचताना चुकले असणार. चष्मा बदलायचाय माझा. माझ्यामुळे पोरीचा पाय गेला."

"पाय गेला नाही, आई. मोडलाय," अश्लेषा म्हणाली.

"मीच चुकले," प्रमिलाताई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या केसांवरून हात फिरवला.

मी गाठ मारत होते. गाठ जमेना. 'तुमचं काही चुकलं नाही' एवढं म्हणणं तेव्हा सहज शक्य होतं. ते मी म्हटलंही. पण चूक कुणाची, ते मी सांगितलं नाही. वर श्रीरंग काठावर ओणवून सगळं ऐकत होता.

अश्लेषाला वर काढायला पाऊण तास गेला. लहानूनं तिला पाठीला बांधून घेतलं आणि वरून श्रीरंग आणि चांगुणाबाईनं चऱ्हाट ओढलं. एकदा लहानूचा पाय निसटला आणि दोघं हातभर खाली आले. प्रमिलाताईंनी तोंड पदरात घातलं. मी खालून लहानूच्या टाचेला खांदा दिला. त्याचा सगळा भार माझ्या मानेवर आला, आणि मला आठवतं, तो भार मला हवासा वाटला. मग प्रमिलाताई वर गेल्या. त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला आणि कुणाचीही मदत न घेता पाय रोवत चढल्या.

नाळेच्या तोंडाशी आलो तेव्हा साडेपाच झाले होते. ऊन तिरपं झालं होतं. लहानूनं अश्लेषाला पाठीवरून उतरवून गवतावर बसवलं आणि स्वतः आडवा झाला. सर दगडावरून उठले. दिवसभरात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नसावा. ओठ पांढरे पडले होते.

"पुस्तक आहे का बरोबर?" त्यांनी विचारलं.

अश्लेषानं पिशवीतून हिरवं पुस्तक काढून दिलं. सरांनी ते पान उघडलं. पान तिरपं करून त्यांनी उन्हात धरलं. मग अंगठा त्या परिच्छेदावरून हळूच फिरवला, खालून वर, वरून खाली. कागद स्वच्छ होता. त्यावर कधी काही चिकटवलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

ते प्रमिलाताईंसमोर गेले आणि हात जोडले.

"बाई, तुम्ही वाचायला चुकला नाहीत. पुस्तकातच चूक आहे. डाव्याच्या जागी उजवा हवा होता. पुस्तक माझं, चूक माझी."

प्रमिलाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं...?"

"तेवीस वर्षं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" श्रीरंगनं विचारलं.

सरांनी पुस्तक काखेत धरलं. "कोण सांगणार?" ते म्हणाले. "त्या वाटेनं कुणी जात नाही."

मला कळलं की ते मला वाट करून देत होते. मी काहीच बोलले नसते तरी सगळं तिथंच मिटलं असतं. म्हाताऱ्या लेखकाची जुनी चूक. श्रीरंगनं आत्ताच त्यांना क्षमा करायला सुरुवात केली होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांगुणाबाई मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं आणि मी त्या दिवाळीत दुबेळक्यावर बसून भाकरी खाल्ली होती. मी पुस्तक उघडून तिला वाचून दाखवलं होतं आणि ती हसली होती : 'ह्या पुस्तकवाल्याला डावा-उजवा कळत न्हाई व्हय?'

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

आवाज माझा वाटेना. मी पुन्हा म्हणाले, "सरांना मी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलं होतं. ग्रंथालयातल्या प्रतींवर चिठ्ठी लावायचं माझ्यावर सोपवलं होतं. चिठ्ठ्या छापून आल्यात. चाळीस आहेत. माझ्या टेबलाच्या खणात पडल्यात. मी लावल्या नाहीत."

"विसरलात?" श्रीरंगनं विचारलं. त्याचा प्रश्न सरळ होता. मी हो म्हणावं, अशी त्याचीच इच्छा असावी असं वाटलं.

"नाही. विसरले नाही." मी जमिनीकडे बघत होते. "मी चूक दाखवली तेव्हा सर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. मग म्हणाले, लावायची तर लाव चिठ्ठी, ग्रंथालय तुझं आहे. आणि त्याच महिन्यात त्यांनी सभेत सांगितलं, की नव्या आवृत्तीवर त्यांच्याबरोबर माझं नाव असेल. चिठ्ठी लावली तर त्यांना बोचेल, त्यांचा विचार बदलेल, असं मला वाटलं. म्हणून म्हटलं, आवृत्ती येईलच. तोवर कोण जातंय तिकडे. मग प्रमिलाताई पुस्तक न्यायला आल्या, तेव्हा त्या पानाची मला आठवण झाली होती. खण माझ्या हाताशी होता. मागे चार माणसं रांगेत होती. मी शिक्का मारला आणि दिलं. आणि सकाळी तुम्हाला वाट ढासळलीय असं सांगितलं, तेही खोटं होतं."

लहानू उठून बसला होता. अश्लेषानं डोळे मिटून घेतले होते, पण ती ऐकत होती.

श्रीरंग माझ्याजवळ आला. मला वाटलं, तो हात उगारेल. त्यानं माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, अश्लेषाला दिली आणि म्हणाला, "चला. दवाखान्यात पोचायचंय." नंतर सबंध रस्ताभर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

प्रमिलाताई मात्र बोलल्या. गाडीत बसताना त्या दाराशी थांबल्या.

"मी हिला जे बोलले," त्या सुनेकडे बोट करत म्हणाल्या, "ते मी घरात कधी बोलले नव्हते. सात वर्षांत नाही. ते आज तुमच्या त्या न लावलेल्या कागदामुळे माझ्या तोंडून गेलं. पाय भरून येईल."



सरांना त्यांच्या घरी सोडलं तेव्हा मी जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. पहिल्या पायरीवर ते थांबले.

"चिठ्ठी निघाली असती तर डाग राहिला असता," ते म्हणाले.

"हो, सर."

"मला ते जिन्यातच कळायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस." ते दोन पायऱ्या चढले, मग कठड्याला टेकून म्हणाले, "ग्रंथालय तुझं आहे, असं मी म्हणालो होतो. ते मी रागानं म्हणालो होतो, हे तुला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तेव्हा सगळं एकटीनं अंगावर घेऊ नकोस. पण जे तुझं आहे ते घे."

नवी आवृत्ती चार वर्षांनी आली. तीवर त्यांचं एकट्याचं नाव होतं. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. ते जाईपर्यंत मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जात राहिले.

त्या सोमवारी मी शाळेत रजा टाकली. ग्रंथालयाच्या नऊ प्रती आधी उरकल्या. मग मंडळाच्या सभासदांच्या यादीवरून ज्यांनी ज्यांनी पुस्तक विकत घेतलं होतं त्यांचे पत्ते काढले आणि डिंकाची बाटली घेऊन सायकलवर फिरले. काही जण हसले, एवढ्याशा चिठ्ठीसाठी कशाला आलात म्हणाले. मी प्रत्येकाला काय घडलं ते सांगितलं, माझ्या वाट्यासकट. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर सांगणं सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

गायधनींकडे मी तीन आठवड्यांनी गेले. त्यांची स्वतःची प्रत नव्हती, चिठ्ठी लावायला काहीच नव्हतं. तरी गेले. दार प्रमिलाताईंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "या." बसा म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले. आतल्या खोलीत अश्लेषा पलंगावर होती, पाय प्लास्टरमध्ये, पुढ्यात नकाशा पसरलेला.

"कुंदाताई," तिनं विचारलं, "उजव्या नाळेनं खालच्या गावात पोचायला किती वेळ लागतो? पायात थोडी कळ असेल तर?"

मी एकदा उतरले होते. आकडा माझ्या जिभेवर होता. दीड तास, असं मी सहज म्हणून गेले असते.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "जाऊन बघते आणि सांगते."

प्रमिलाताईंनी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर धरला.

पुढच्या रविवारी पहाटेच्या गाडीनं मी कुसरवाडीला गेले. चांगुणाबाई बरोबर आली. नाळेच्या तोंडाशी मी मनगटावरचं घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली, मग एका पायावर कमी भार देत, अडखळत उतरू लागले. चांगुणाबाई मागून हसत होती, "ताय, पाय दुखतोय का?" मी दर टप्प्याला थांबून लिहीत गेले : कुठे बसायला दगड आहे, कुठे दोन्ही हात लागतात, कुठे सावली नाही. खालच्या गावात पोचले तेव्हा तीन तास वीस मिनिटं झाली होती.